तेल कुठलं घालू?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय आधीच ठरवला होता. "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीतसुद्धा व्याख्यान झालं. मला इंजिन ऑइलवर बोलू द्या. पलीकडे जरा शांतता पसरली. मग आवाज आला, "दहाच मिनिटं हं." तेव्हा दहा मिनिटं सहन करा. शेवटी तुमच्या उपयोगाचंही थोडं सांगणार आहे, आणि मध्ये एक जुनं देणं फेडायचं आहे.

आपल्या वर्गात 'आरएक्स' म्हटलं की एकच गाडी डोळ्यांसमोर यायची, यामाहाची आरएक्स १००. अठ्ठ्याण्णव सीसीची ती टू-स्ट्रोक लालबागच्या पुलाखालून गेली की बाकावरची निम्मी मुलं आवाजावरून सांगायची, कुणाची आहे. मागच्या बाकावरचे आता हसताहेत, म्हणजे आठवतंय. माझ्या नशिबी मात्र दुसरी आरएक्स आली.

२००६ ते २०१२ मी अमेरिकेत, मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ नोकरीला होते. आजूबाजूला सगळी मोटारींच्या धंद्यातली माणसं. २००९ साली मी एक गाडी सेकंडहँड घेतली, २००५ सालची माझदा आरएक्स-८. दोन दरवाजे मोठे, मागचे दोन छोटे आणि उलटे उघडणारे. लाल रंग. लालबागच्या चाळीतल्या मुलीने स्पोर्ट्स कार घेतली, हे आईला कळवायला मला दोन आठवडे लागले.

या गाडीचं इंजिन वेगळं असतं, त्याला रोटरी म्हणतात. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन खाली-वर होतो. यात पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, आपल्या समोशासारखा, कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पेटीत गोल फिरतो. फिरता फिरताच त्याच्या तीन बाजू हवा-पेट्रोल आत घेतात, दाबतात, पेटवतात आणि धूर बाहेर टाकतात. झडपा नाहीत, धडधड नाही. जर्मनीच्या फेलिक्स वँकेलची ही कल्पना. १९६४ मध्ये एनएसयू कंपनीने त्यावर पहिली गाडी विकायला काढली आणि १९६७ मध्ये हिरोशिमाच्या माझदाने कॉस्मो स्पोर्ट. १९९१ ची ल माँची चोवीस तासांची शर्यतही माझदाने रोटरीवर जिंकली. तेव्हा आपण सातवीत होतो.

या इंजिनाचं दुखणं त्या त्रिकोणाच्या टोकांवर आहे. प्रत्येक टोकावर धातूची एक बारीक पट्टी असते. ती पेटीच्या भिंतीला घासत, गॅस न सोडता, सतत फिरते. माझ्या गाडीत दोन रोटर, म्हणजे सहा पट्ट्या. सुरुवातीला माझदाच्या इंजिनांत या पट्ट्या थरथरून भिंतीवर ओरखडे काढायच्या. तिथले इंजिनिअर त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्टीचा धातू बदलून त्यांनी ते बरंचसं सोडवलं. पण घासणाऱ्या टोकाला तेल लागतंच. म्हणून या इंजिनात एक छोटा पंप असतो, तो खालच्या टाकीतलं इंजिन ऑइल थेंब थेंब ज्वलनाच्या जागी सोडतो. तेल टोकं भिजवतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणजे इतर गाड्यांत ज्याला आपण 'इंजिन तेल खातंय' म्हणतो आणि घाबरतो, ते इथे मुद्दाम केलेलं आहे.

आता तुम्हाला वाटेल, इंजिनिअर बाईला हे ठाऊक असणारच. ऐकून ठाऊक होतं. आणि ठाऊक असलेल्या माणसाने काय केलं, ते सांगते.

गाडी घेतल्यावर मी महिनाभर एकाच प्रश्नाचा अभ्यास केला: तेल कुठलं घालू? रोटरीवाल्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, साधं खनिज तेलच घाला, ते स्वच्छ जळतं. दुसरा म्हणतो, सिंथेटिकच हवं, जमाना बदलला. दोघांकडे पुरावे आहेत आणि वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. मी सगळं वाचलं, तक्ता केला. शेवटी ऑफिसातल्या एका गाडीवेड्या सहकाऱ्याचं ऐकून शर्यतीच्या गाड्यांसाठीचं सर्वांत महागडं सिंथेटिक तेल घेतलं, २०डब्ल्यू-५०. स्पोर्ट्स कार आहे, तर तेलही दणदणीत हवं. तेल भरलं आणि मन शांत झालं. पुढचे चार महिने मी बॉनेट उघडलं नाही.

२०१० च्या मे महिन्यात आई-बाबा आले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीतून फिरवायला नेलं. बाबा शेजारी बसले होते. परत आल्यावर ते उतरले, मागे गेले, धुराच्या नळीपाशी वाकले, वास घेतला आणि मला म्हणाले, "काय गो बाय, हिचं तेल कधी बघितलंस?"

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. हेच ते देणं.

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत त्रासनखात्यात तेलवाले होते. सूत कातायच्या साच्यांना तेल द्यायचं काम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बाबांची गिरणी त्यांच्यासाठी कायमची बंद झाली. मी तेव्हा तीन वर्षांची. नंतर ते आपल्या शाळेच्या वाटेवरच्याच एका टॅक्सी गॅरेजात मिस्त्री म्हणून लागले. काळ्या-पिवळ्या पद्मिनींची ऑइलं बदलायची, ब्रेक बघायचे. तुम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिलंय. फक्त ते माझे बाबा आहेत, हे तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं, कारण मी वर्गात सांगायचे, "माझे बाबा मोटार कंपनीत आहेत." आणि शाळा सुटली की तुमच्याबरोबर असताना मी पलीकडच्या फुटपाथने चालायचे. बाबांना ते कळत होतं. त्यांनी एकदाही हाक मारली नाही. हे मी तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आज या हॉलमध्ये सांगते, कारण लपवलं होतं ते तुमच्यापासूनच.

तर मिशिगनमध्ये बाबांनी बॉनेट उघडायला लावलं. तेलाची पट्टी काढली, चिंधीने पुसली, पुन्हा बुडवून काढली. पट्टीच्या खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला जेमतेम काळा ओलावा होता. इंजिन जवळजवळ कोरडं चाललं होतं.

मी घाईघाईने सांगू लागले की तेल अगदी उत्तम घातलंय, सिंथेटिक आहे, शर्यतीचं आहे. ते म्हणाले, "ते राहू दे. किताब काय म्हणते?"

किताब म्हणजे गाडीबरोबरचं पुस्तक. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं. सगळ्या जगाची मतं वाचणारी मी, ते पुस्तक उघडलंच नव्हतं. बाबा चौथी शिकलेले, इंग्रजी येत नाही. ते गाडीला टेकून उभे राहिले आणि मी त्यांना पान वाचून दाखवलं, जशी लहानपणी धडा वाचून दाखवायचे तशी. पुस्तकात लिहिलं होतं, ५डब्ल्यू-२०. आणि हेही की या इंजिनात तेल खर्च होतं, तेव्हा पट्टी वारंवार बघा.

बाबांनी विचारलं, "वीस म्हणजे पातळ ना? मग हे जोरात फिरत असणार."

मी म्हटलं, "मिनिटाला नऊ हजारपर्यंत."

"मग ही चाती आहे," बाबा म्हणाले.

चाती म्हणजे सूत कातायच्या साच्यावरची फिरकी. एका साच्यावर चारेकशे चात्या, आणि प्रत्येक मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरणारी. गिरणीत तिला पाण्यासारखं पातळ तेल देत. जाड दिलं तर चाती तापते, जड फिरते, वीज खाते. आणि त्याच साच्याच्या टोकाला जी मोठी दातेरी चाकं सावकाश फिरत सगळं ओझं ओढायची, त्यांना जाड तेल, कारण तिथे पातळ तेल दाबाखाली निघून जातं. जलद आणि हलकं, त्याला पातळ. सावकाश आणि जड, त्याला जाड. तेल सांडलं तर सुताला डाग पडायचा आणि बोलणी बसायची, म्हणून जास्तही नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हेच मला वेग, भार आणि श्यानता यांच्या समीकरणातून शिकवलं होतं. मी त्यात पासही झाले होते.

मग मी बाबांना त्या त्रिकोणाची चित्रं काढून दाखवली. ऐकता ऐकता त्यांनी मला थांबवलं. "म्हणजे हिला पेट्रोलात तेल जाळूनच चालायचंय. स्कूटरच की ही!" मला हसू आलं. आठवतंय ना, पेट्रोल पंपावर स्कूटरवाले आधी टूटी ऑइल घालून घ्यायचे, लिटरला वीस मिलि? टू-स्ट्रोकमध्ये आतल्या भागांना तेल मिळायची तीच वाट. नंतर शोधलं तेव्हा कळलं की रोटरीचे कित्येक जुने जाणकार अगदी हेच करतात. पंप असूनसुद्धा टाकीत पेट्रोलबरोबर लिटरला साधारण चार ते आठ मिलि टूटी ऑइल घालतात. त्यामागे कारणही आहे. साध्या इंजिन ऑइलमध्ये धातूंची रसायनं असतात, ती जळल्यावर राख उरते. टूटी ऑइल जळण्यासाठीच बनवलेलं, त्याची राख फार कमी. माझदाच्या पुस्तकात ही युक्ती नाही, तेव्हा ती ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करायची. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. महिनाभराच्या अभ्यासात मला जी गोष्ट नीट उमगली नव्हती, ती बाबांना धुराच्या वासावरून पाच मिनिटांत उमगली.

आता न्यायाने हेही सांगते की जाड तेल म्हणजे विष नव्हे. शर्यतीच्या मैदानावर तासन् तास तापणाऱ्या रोटरीत लोक २०डब्ल्यू-५० घालतात आणि त्यांचं बरोबर असतं. माझ्या त्याच गाडीला अमेरिकेत ५डब्ल्यू-२० सांगितलं होतं, तर युरोपात ५डब्ल्यू-३०. एकच इंजिन, दोन देश, दोन उत्तरं. माझी चूक ही की मी शर्यतीच्या मैदानाचं उत्तर मिशिगनच्या थंडीत, ऑफिसच्या दहा मिनिटांच्या फेरीला लावलं. आणि त्याहून मोठी चूक ही की सर्वोत्तम तेल निवडलं या समाधानात तेल आहे का, हेच बघितलं नाही.

पुढे गाडीची कॉम्प्रेशन चाचणी केली. पुढचा रोटर ठीक, मागचा कमी भरला. नेमकं कशाने, हे सांगता येत नाही. आधीच्या मालकाचाही वाटा असेल. पण ते चार महिने माझ्या नावावर आहेतच. इंजिन पुन्हा बांधायचा खर्च गाडीच्या किमतीएवढा होता. वर्षभर पुस्तकाप्रमाणे तेल घालून, दर दुसऱ्या टाकीला पट्टी बघून ती चालवली आणि मग चाचणीचा कागद हातात देऊन विकली. किंमत फार कमी आली. निघायच्या आधी बाबा एकच म्हणाले, "कोरडं चालणारं मशीन आधी आवाज बदलतं. तू गाणी मोठ्याने लावतेस."

आता तुमच्या उपयोगाचं. तुमच्यापैकी कुणाकडे रोटरी नाही, मला ठाऊक आहे. पण गाडी किंवा दुचाकी सगळ्यांकडे आहे.

पहिलं, डब्यावरचे आकडे. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीत तेल किती चटकन वाहतं ते सांगतो. आकडा लहान, तर थंडीत वाहणं सोपं. नंतरचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, ते किती जाड राहतं ते सांगतो. तापलेलं ५० नंबरचं तेल २० नंबरपेक्षा दुपटीहून जाड असतं. बाबांच्या पद्मिनींना २०डब्ल्यू-४० चालायचं, आणि परळमध्ये कधी बर्फ पडत नाही. पण आजच्या कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांची इंजिनं ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ तेलासाठीच बनवलेली असतात. तिथे कुणी 'मुंबईच्या गरमीला जाड बरं' म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू लागला, तर हात धरा आणि पुस्तक उघडा.

दुसरं, मोटारसायकलवाल्यांसाठी. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारचं निसरडं तेल घातलंत तर क्लच घसरेल. डब्यावर 'जासो एमए' आहे का बघा.

तिसरं, तेल सीलबंद डब्यातूनच घ्या आणि ते तुमच्यासमोर इंजिनात पडू दे. ऑपेरा हाऊसच्या पार्ट्सच्या बाजारातून बाबा डबे आणायचे. डबा रिकामा झाला की त्याला स्क्रूड्रायव्हरने दोन भोकं पाडून मगच टाकायचे. मला लहानपणी तो रागाचा प्रकार वाटायचा. ते करत होते, कारण चांगल्या नावाच्या रिकाम्या डब्यात जुनं तेल भरून पुन्हा विकणारे असतात.

चौथं, खनिज की सिंथेटिक, हा ब्रँड की तो, यावर जितका वेळ घालवता त्याच्या दहाव्या हिश्श्यात पट्टी बघून होते. पुस्तकात सांगितलेला नंबर, वेळेवर बदल आणि पुरेशी पातळी, एवढं सांभाळलंत तर पंथ कुठलाही चालेल.

माझ्या कामातही मी आता हेच करते. नवा मुलगा येतो, म्हणतो सर्वांत भारी तंत्रज्ञान कुठलं वापरू? मी विचारते, चालू यंत्राची पट्टी शेवटची कधी बघितलीस? त्याला वाटतं बाई काहीतरी म्हण सांगताहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत तिची नोंदणी झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. बातमी मी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "वीस वर्षं चालली म्हणजे कुणीतरी तेल बघत होतं." ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, लालबागलाच असतात. आज सकाळी मी त्यांना सांगितलं की शाळेत बोलायचं आहे, तुमच्याबद्दल बोलणार आहे, गॅरेजबद्दलही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "विषय काय?"

म्हटलं, "इंजिन ऑइल."

"दहा मिनिटं? दोन मिनिटांचं काम आहे ते," ते म्हणाले. मी दारात चपला घालत होते, तेव्हा आतून पुन्हा आवाज आला, "गाडी सपाटीवर उभी करायची, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायचं, पट्टी एकदा पुसायची आणि मग बघायची. हे सांगायला विसरू नको."

सांगितलं, बाबा.